कच्ची वही

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी वर्ध्याच्या बाजारातून एक फेरी मारायला मला अजून आवडते. दुकानादुकानांतून गादीवर स्वच्छ पांढरी चादर अंथरलेली असते, तिच्यावर लाल कापडाच्या बांधणीची नवी वही असते आणि वहीच्या कोऱ्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक असते. आता पुष्कळ ठिकाणी वहीच्या शेजारी संगणक बसला आहे. त्याच्याही कपाळाला हळदकुंकू लागते. जिनिंगच्या दिशेने जाणाऱ्या कापसाच्या एखाद्या गाडीतून बोंडाचे पांढरे पुंजके रस्त्यावर उडत असतात, आणि कुठल्या तरी पायरीवर उभा असलेला एखादा ओळखीचा व्यापारी हाक मारून हातावर पेढा ठेवतो.

आम्ही ख्रिस्ती. आमच्या घरी वहीपूजन नाही. शेजारची फराळाची ताटे मात्र दिवाळीच्या चारही दिवशी आमच्याकडे येतात, आणि त्यांची परतफेड आम्ही नाताळात करंज्या-चकल्यांनी करतो. हा व्यवहार माझ्या आजीपासून चालू आहे आणि त्यात कुणाकडे किती निघतात हे आजवर कुणी मोजलेले नाही. तरीही लक्ष्मीपूजनाच्या रात्री घरी परतल्यावर मी एक वही काढून बसतो. ती पूजेची नाही. तिचे पुठ्ठे झिजले आहेत, शिवण सुटली आहे, आणि तिच्यावर माझ्या वडिलांच्या अक्षरात 'कच्ची वही' एवढेच लिहिलेले आहे.

बाबा एका जिनिंगमध्ये हिशेबनीस होते आणि आमच्या मंडळीचे बावीस वर्षे खजिनदार. चर्चची पक्की वही चर्चच्या कपाटात असे. ही कच्ची वही आमच्या घरी. रविवारची उपासना आटोपली की अर्पणाची थैली घेऊन ते घरी येत, आईसमोर पैसे मोजीत, आईकडून पुन्हा मोजवून घेत आणि मग कच्च्या वहीत लिहीत. एकट्याने मोजलेला पैसा हा न मोजलेलाच पैसा, असे त्यांचे म्हणणे. लहानपणी मला हा प्रकार फार कंटाळवाणा वाटे. जेवण थंड होत असे.

त्यांचे हे वळण कुठून आले ते मला ठाऊक आहे. तरुणपणी दोनएक वर्षे ते मगनवाडीत हातकागदाच्या विभागात कामाला होते. मगनवाडी म्हणजे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे ठिकाण. हा संघ १९३४ च्या डिसेंबरात स्थापन झाला आणि त्याचे सूत्रधार होते जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा. तंजावरकडच्या ख्रिस्ती घराण्यातले हे गृहस्थ. लंडनमध्ये हिशेबतपासनिसाचे शिक्षण घेतलेले, मुंबईत त्याच धंद्यात स्थिरावलेले, पुढे अमेरिकेत जाऊन कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेले. १९२९ साली गांधीजींची भेट झाली आणि विलायती पोशाख उतरला तो कायमचाच. बाबांनी त्यांना पुष्कळदा पाहिले होते, पण बोलण्याचा प्रसंग कधी आला नाही. लगदा ढवळणाऱ्या पोराशी एवढ्या मोठ्या माणसाने काय बोलावे? परंतु मगनवाडीत त्यांच्याविषयी सांगितली जाणारी एक गोष्ट बाबांनी जन्मभर जपून ठेवली. ती आम्हा भावंडांनी इतक्या वेळा ऐकली, की पुढे कुमारप्पांच्या चरित्रात वाचली तेव्हा एखाद्या नातलगाची गोष्ट छापून आल्यासारखे वाटले.

ती अशी. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात भयंकर भूकंप झाला. राजेंद्रबाबूंच्या नेतृत्वाखाली मदतीचे काम उभे राहिले, देशभरातून निधी आला, आणि त्या निधीच्या हिशेबाची जबाबदारी कुमारप्पांकडे आली. त्यांनी नियम घातला, की स्वयंसेवकाच्या जेवणखर्चासाठी दिवसाला तीन आणे. पुढे गांधीजी आपल्या सोबतच्या मंडळींसह पाटण्यास आले. त्यांचे शेळीचे दूध, फळे, बरोबरच्या माणसांचे खाणेपिणे हे काही तीन आण्यांत बसेना. कुमारप्पांनी महादेवभाईंना सांगितले, की हा खर्च निधीतून होणार नाही. आपली सोय आपण निराळी करावी. गांधीजींनी त्यांना बोलावून कारण विचारले आणि कारण ऐकून ते मान्य केले.

ही गोष्ट सांगून झाली की बाबा थोडे थांबत आणि म्हणत, "पैसा भूकंपवाल्यांचा होता." बस्स, एवढेच. त्यांच्या दृष्टीने सगळे शास्त्र त्या तीन शब्दांत आले होते.

मला मात्र हे शास्त्र फार उशिरा कळले, आणि तेही फजिती होऊन.

१९७४ साली, बाविसाव्या वर्षी, मी वर्ध्यातल्या एका कचेरीत कारकून म्हणून लागलो. त्या वर्षीच्या हिवाळ्याच्या तोंडाला मला कामासाठी तीन वेळा आर्वीला जावे लागले. तिन्ही वेळा मी आमच्याच आळीतल्या एका ट्रकवाल्याबरोबर फुकट गेलो आणि त्याच्याचबरोबर परत आलो. प्रवासभत्त्याचे बिल करताना बाजूच्या टेबलावरच्या जुन्या कारकुनाने मला एसटीचे भाडे कसे लावायचे ते समजावून दिले. मी म्हणालो, "पण मी एसटीने गेलो नव्हतो." तो हसला. आमचे मुख्य लिपिक चष्म्यावरून बघत म्हणाले, "सगळे असंच भरतात. तू एकटाच काय देवाचं लेकरू लागून गेला बे?"

मी सही केली. खरे सांगायचे तर मला त्यात फारसे जडही गेले नाही. पापाविषयी आम्ही शब्बाथशाळेत पुष्कळ शिकलो होतो. पण तिथले पाप फार भव्य असे. हव्वेसमोर सर्प उभा राहतो, दाविदाच्या महालाच्या गच्चीवरून मोह दिसतो, यहूदाच्या हातात चांदीची तीस नाणी खणखणतात. तीन फेऱ्यांच्या एसटी भाड्याला पाप हे नाव द्यायला माझे मन तयारच होईना. सर्प यावा तर तो सर्पासारखा तरी दिसावा! इथे आला होता तो एक छापील नमुना आणि त्याच्या खाली सहीसाठी टिंबटिंबांची रेघ.

एकूण अठरा रुपये मिळाले. डिसेंबराचे दिवस होते. तेरा रुपयांत घरात काहीबाही आले, आणि उरलेल्या पाच रुपयांची नोट मी उपकारस्तुतीच्या पाकिटात घातली. पाकिटावर नाव लिहिले आणि नाताळच्या उपासनेत ते मोठ्या समाधानाने थैलीत टाकले. नोकरी लागल्यावरचा पहिला नाताळ. देवाचे आभार मानायला नकोत? इतक्या वर्षांनी त्या समाधानाची आठवण झाली की मला अठरा रुपयांपेक्षा त्याचीच लाज अधिक वाटते.

दुपारी शेजारपाजारचे लोक फराळाला आले. त्यांत तो ट्रकवालाही होता. करंजी मोडता मोडता तो बाबांना म्हणाला, "तुमचं पोट्टं लय गोड गाते जी! तिन्ही खेपा माह्याच टरकीत गाणे म्हनत आर्वीले आलं. मले तं झोपच नाई आली." सगळे हसले. बाबाही हसले. मीच तेवढा पाणी आणायला म्हणून उठून आत गेलो. प्रवासाचे बिल निघाले म्हणून आठच दिवसांपूर्वी मी घरात गूळ-खोबरे आणले होते, आणि ते कशाचे हे मीच सांगितले होते.

रात्री बाबा नेहमीप्रमाणे अर्पण मोजायला बसले. आईने पुन्हा मोजले. मी अंथरुणावर पडून टाकाची कुरकुर ऐकत होतो. ती एका ठिकाणी थांबली आणि बराच वेळ पुन्हा सुरू झाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, चूल फुंकण्याच्या आईच्या आवाजाआड, बाबा मला म्हणाले, "तुझे पाच रुपये मी निराळे ठेवले आहेत. पक्क्या वहीत चढवलेले नाहीत. पाळकसाहेबांना काही बोललो नाही. तू सांगशील तेव्हा चढवीन."

मी म्हणालो, "बाबा, पाचच रुपये आहेत."

"म्हणूनच म्हणतो," ते म्हणाले. "पाचशे असते तर तुला रात्री झोप लागली नसती. मला बोलावे लागले नसते."

ते कामावर गेले. मी तसाच बसून राहिलो. आमच्या मराठी शास्त्रात एक गोष्ट आहे, जी मी तोपर्यंत शेकडो वेळा म्हणूनही ऐकली नव्हती. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत क्षमा मागताना आम्ही मराठीत 'पापे' हा शब्द उच्चारीत नाही, 'ऋणे' म्हणतो. पाप म्हणजे ऋण. डाग असेल तर तो रडून धुता येईल, गुडघे टेकून धुता येईल. पण ऋण असेल तर कुणाचे, किती आणि कधी फेडणार, हे तीन प्रश्न आलेच. जक्कय जकातदाराची गोष्ट आम्हा पोरांना आवडे ती त्याच्या बुटकेपणामुळे आणि तो उंबराच्या झाडावर चढला म्हणून. पण झाडावरून उतरल्यावर त्याने काय केले? ज्याचे अन्यायाने घेतले असेल त्याला चौपट परत देण्याचे कबूल केले. तोही हिशेबाचाच माणूस होता. क्षमा त्याला आधी मिळाली की नंतर, यावर पंडितांनी वाद घालावा. त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना ती खरी वाटली असेल ती पैसे हातात पडल्यावरच.

जागरणाच्या उपासनेच्या रात्री, जुने वर्ष संपून नवे लागत असताना, मी ठरवले. ठरवणे सोपे होते. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात साहेबांच्या खोलीबाहेर उभे राहिलो तेव्हा कळले, की माझ्या अठरा रुपयांना इतरांच्या बिलांची शेपटे जोडलेली आहेत. माझे तोंड उघडले की त्यांचीही पाने उघडणार. बाजूच्या टेबलावरच्या त्या जुन्या कारकुनाला चार मुले होती. मी मनाशी धरले, की बोलायचे ते फक्त आपल्या बिलाविषयी. साहेबांनी ऐकून घेतले. "अठरा रुपयांसाठी?" एवढेच म्हणाले, आणि मग, "अतिप्रदान म्हणून चलनाने भरून टाका." चलनाच्या तीन प्रती करून मी कोषागारात पैसे भरले. 'कारण' या रकान्यात काय लिहावे ते सुचेना. शेवटी 'भाडे न देता उचललेली रक्कम' असे लिहिले. खिडकीमागच्या माणसाने ते वाचले, माझ्याकडे पाहिले आणि शिक्का मारला.

घरी येताना माझी छाती फुगली होती. बाबांना चलन दाखवले. त्यांनी ते उलटसुलट पाहिले, परत दिले आणि म्हणाले, "बरे केलेस. आता हे कुणाला सांगत फिरू नकोस. नाहीतर देवळात पुढे उभा राहिलेला तो परूशी होशील; आणि जकातदारापेक्षा त्याचे कर्ज मोठे." मग त्यांनी कच्ची वही काढली.

इथे गोष्ट संपली असती तर ती शब्बाथशाळेच्या पुस्तकात शोभली असती. पण साहेबांनी दुसऱ्याच आठवड्यात फतवा काढला, की यापुढे तिकिटे जोडल्याशिवाय प्रवासाचे बिल मंजूर होणार नाही. मुख्य लिपिकांनी माझ्याशी बोलणे सोडले. चहाच्या वेळी माझा पेला कुणी मागवीना. हे मी सोसले असते, सोसण्यात थोडी ऐटही होती. पण आमचा शिपाई एक दिवस टपाल ठेवायला आला आणि खाली मान घालून म्हणाला, "तुमचं पाप धुतल्या गेलं बाबूजी, माह्या घरचं तेल गेलं." त्या वरच्या चारदोन रुपयांवर त्याच्या घरी महिन्याचे तेल येत होते.

याला उत्तर कोणत्या शास्त्रात आहे? त्या रात्री मी बाबांवर चिडलो. म्हणालो, "तुमच्या नीतिमत्त्वाची किंमत तो गरीब भरतो आहे." बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्याचा पगार त्याला पुरत नाही, हे खरे. त्याचे काही देणे कचेरीकडे थकले आहे का, ते पाहिलेस?"

मी पाहिले. त्याच्या दोन वेतनवाढी एका फायलीत झोपून होत्या. दोन वर्षे! माझ्याच कपाटात, माझ्याच किल्लीखाली. मी अर्ज लिहिला, स्मरणपत्रे लिहिली, नागपूरच्या खेपा केल्या आणि तिकिटे जोडली. अकरा महिने लागले. थकबाकी मिळाली तेव्हा शिपाई काही फार बोलला नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर चहाचा पेला आला, एवढेच. मला वाटते, त्या अकरा महिन्यांत मी ख्रिस्ती झालो. त्याआधी मी फक्त पापापासून लांब उभा होतो. तेही एकदा सापडल्यावर. वाईट न करणे हे वहीचे एक पान झाले. ज्याचे देणे आपल्या कपाटात अडकून पडले आहे त्याला ते पोचवणे हे त्याच्या समोरचे पान. दोन्ही पाने भरल्याशिवाय मेळ बसत नाही.

पुढे कुमारप्पांचे लेखन मी वाचले ते या समजुतीने. १९४२ च्या आंदोलनानंतर ते जबलपूरच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी दोन पुस्तके लिहिली, एक येशूच्या आचार-विचारांवर आणि दुसरे टिकाऊ अर्थव्यवस्थेवर; दोन्हींना प्रस्तावना गांधीजींची. एकाच कोठडीत एकाच माणसाने ही दोन पुस्तके लिहावीत याचे प्रथम नवल वाटते. वाचल्यावर वाटत नाही. ती एकाच वहीची दोन पाने आहेत. वस्तू विकत घेणारा मनुष्य ती वस्तू बनताना झालेल्या अन्यायाचाही भागीदार होतो, असे ते बजावतात. म्हणजे माझ्या अंगावरचा सदरा, माझ्या ताटातली साखर यांच्याही मागे कुणाच्या तरी फायली झोपलेल्या असू शकतात. मगनवाडीत मगनदीप नावाचा दिवा बनवला गेला होता. घासलेटाऐवजी तो वनस्पतीच्या तेलावर जळे. रात्री अभ्यासाला दिवा लावणे हाही कुणाच्या तरी घरी तेल पोचवण्याचा किंवा न पोचवण्याचा निर्णय आहे, हे मनात आणणारा हिशेबनीस मला दुसरा माहीत नाही. कुमारप्पा पुढे काही काळ आपल्याच जिल्ह्यात सेलडोहला होते, मग दक्षिणेत गेले. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीच्याच दिवशी, ते वारले. बातमी आली त्या संध्याकाळी बाबांनी जेवणाआधीची प्रार्थना नेहमीपेक्षा लांबवली, असे आई सांगे.

बाबा १९८६ साली गेले. मुख्य लिपिक त्याआधीच निवृत्त झाले होते. शेवटच्या दिवशी त्यांनी सगळ्यांचा निरोप घेतला, माझ्या टेबलाशी मात्र थांबले नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. मला वाटते, माझ्याकडे पाहिले की त्यांना ते तिकीट नसलेले बिल दिसत असावे.

आता जे सांगायचे आहे त्यासाठी मी ही सारी लांबड लावली. १९९१ साली मी वर्ध्यातच घरासाठी जागा घेतली. विकणाऱ्याने सांगितले, की खरेदीखतात किंमत अर्धीच दाखवायची आणि बाकीची रोख द्यायची. सगळे असंच करतात, असे तोही म्हणाला. मी चौकशी केली. खरेच सगळे असेच करत होते. मुलीचे शिक्षण, पत्नीचे दुखणे, भाड्याच्या घराची मुदत, सगळी कारणे माझ्याजवळ होती आणि सगळी खरी होती. मी सही केली. या वेळी टाकाची कुरकुर थांबून ऐकणारे घरात कुणी नव्हते. त्या घरात आज मी राहतो. त्याच्या दारावर क्रूस आहे आणि त्याच्या ओसरीवर शेजारच्या दिवाळीच्या पणत्यांचा उजेड येतो.

लोक मला प्रामाणिक म्हणून ओळखतात. अठरा रुपयांची गोष्ट, मी सांगितली नाही तरी, कशी कोण जाणे गावात पसरली, आणि त्या पुंजीवर मी पन्नास वर्षे जगलो. मंडळीत मला मान आहे. तरुण पोरे नोकरीतल्या अडचणी घेऊन माझ्याकडे येतात आणि मी त्यांना कुमारप्पांच्या तीन आण्यांची गोष्ट सांगतो. ती सांगताना अलीकडे माझा आवाज एका जागी अडकतो. पोरांना वाटते, म्हाताऱ्याला गहिवरून आले.

गेल्या लक्ष्मीपूजनाच्या रात्री मी नेहमीप्रमाणे कच्ची वही काढली. डिसेंबर १९७४ चे पान माझ्या बोटांना पाठ आहे. तिथे माझे नाव आहे, पुढे 'रु. ५' आणि शेऱ्यात एकच शब्द, 'थांबवले'. जानेवारीच्या पानावर पुन्हा माझे नाव, पुन्हा 'रु. ५' आणि शेरा, 'जमा'. त्या दोन ओळींच्या मध्ये बाबांनी कुठलाही उपदेश लिहिलेला नाही.

वहीच्या शेवटी चार पाने कोरी राहिली आहेत. त्यांतल्या पहिल्या पानावर मी १९९१ सालची तारीख घातली. खरेदीची खरी किंमत लिहिली, दाखवलेली किंमत लिहिली, बुडवलेले मुद्रांक शुल्क काढले. आकडा लहान नव्हता. इतक्या वर्षांत तो आणखी वाढला असणार. मग पत्नीला हाक मारून पान तिच्यासमोर ठेवले, कारण एकट्याने मोजलेला पैसा हा न मोजलेलाच. तिने चष्मा लावून दोनदा बेरीज केली आणि म्हणाली, "बरोबर आहे."

शेऱ्याच्या जागी मी 'थांबवले' असे लिहिले. सोमवारी निबंधक कचेरी उघडणार होती.